पंचावन्न टक्क्यांच्या शाळा

कॅलिफोर्नियात शाळेच्या बांधकामासाठी कर्ज उभारायचे, तर शाळा-जिल्ह्याला, म्हणजे निवडून आलेल्या मंडळामार्फत केवळ शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेला, आधी मतदारांचा कौल घ्यावा लागतो. कौल अनुकूल पडल्यास संस्था गुंतवणूकदारांना कर्जरोखे विकते आणि मुद्दल व व्याज त्या हद्दीतील घरे-जमिनींवरील जादा मालमत्ता करातून अनेक वर्षे फेडले जाते. मात्र किती मते पडली म्हणजे कौल मिळाला असे मानायचे, या प्रश्नावर तेथील शाळांचे भवितव्य दीर्घकाळ टांगलेले राहिले.

राज्याच्या 1879 च्या घटनेने वार्षिक उत्पन्नापलीकडील कर्जासाठी दोन-तृतीयांश मतांची अट घातली होती. जून 1978 मध्ये मतदारांनी ‘प्रपोझिशन 13’ संमत करून मालमत्ता कर मूल्याच्या एक टक्क्यावर रोखला. त्यापलीकडची सूट केवळ पूर्वीच मंजूर झालेल्या कर्जांना असल्याने नव्या रोख्यांची वाट बंद झाली, ती 1986 च्या घटनादुरुस्तीने, दोन-तृतीयांशांची जुनी अट कायम ठेवून, पुन्हा उघडली.

याची सर्वाधिक झळ लॉस एंजेलिसला बसली. स्थलांतरितांच्या वाढत्या वस्तीमुळे शाळा ओसंडू लागल्या, मैदानांवर तात्पुरत्या खोल्या उभ्या राहिल्या आणि अनेक शाळांनी विद्यार्थ्यांचे तीन गट पाडून एका वेळी दोनच गटांना वर्गात बसवण्याची पद्धत स्वीकारली. त्यात शाळेचा दिवस लांबवला जाई, पण वर्षाचे 180 दिवस 163 वर येत. नोव्हेंबर 1996 मध्ये 2.4 अब्ज डॉलरच्या रोख्यांना 65 टक्क्यांहून अधिक मते मिळूनही प्रस्ताव फेटाळला गेला. अन्य कोणत्याही निवडणुकीत जो दणदणीत विजय ठरला असता, तो येथे पराभव ठरला. एप्रिल 1997 मध्ये तोच प्रस्ताव संमत झाला.

मार्च 2000 मध्ये साध्या बहुमताची मागणी मतदारांनी नाकारली, पण त्याच वर्षी नोव्हेंबरात ‘प्रपोझिशन 39’ ने 55 टक्क्यांची मर्यादा आणली. गंमत अशी की खुद्द या प्रस्तावाला सुमारे 53 टक्केच मते पडली होती. सवलतीच्या बदल्यात कामांची यादी आधी जाहीर करणे, दरवर्षी लेखापरीक्षण आणि नागरिकांची देखरेख समिती बंधनकारक झाली. रोख्यांचा पैसा शिक्षकांच्या पगारावर खर्च करण्यास मनाई झाली.

अर्थात मते मिळाली म्हणून कर्ज शहाणपणाने काढले जातेच असे नाही. सॅन डिएगोजवळील पॉवे शाळा-जिल्ह्याने कराचा दर न वाढवण्याचे आश्वासन पाळण्यासाठी 2011 मध्ये सुमारे 10.5 कोटी डॉलरचे असे रोखे विकले, की ज्यांची परतफेड वीस वर्षांनी सुरू होऊन जवळजवळ एक अब्जावर जाणार होती. 2013 च्या कायद्याने अशा परतफेडीवर मूळ रकमेच्या चौपटीची मर्यादा घातली.

लॉस एंजेलिसने मात्र 2002, 2004, 2005 आणि 2008 अशा चार मतदानांतून 18 अब्ज डॉलरहून अधिक रकमेची मंजुरी मिळवली, 131 नव्या शाळा बांधल्या आणि गटवार वर्ग मोडीत काढले. इमारती उभ्या राहत असतानाच पटसंख्या मात्र घसरू लागली होती, त्यामुळे नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर झालेल्या 9 अब्ज डॉलरच्या रोख्यांचा भर नव्या शाळांपेक्षा जुन्या इमारतींच्या दुरुस्तीवर आणि नूतनीकरणावर राहिला.