चावलं पायाला, गेलं डोक्यात

तिसरीत होतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत शेंदूरजनाघाटला आजोबांकडे गेलो होतो आणि कुत्रं चावलं. पोटरीला. आजोबांनी जखम हापशाखाली साबणाने खसाखसा धुतली आणि मला एसटीत बसवलं. "काहून रडते बाप्पा? सुई आजच घ्या लागते, उद्या नाई." मग पोटात चौदा इंजेक्शनं. मला मात्र एकच प्रश्न पडलेला: चावलं पायाला, तर रोग डोक्यात कसा जातो?

उत्तर मिळालं ते इतक्या वर्षांनी, तेही एका आळसावलेल्या रविवारी वाचत बसलो असताना.

आपल्या कण्यापासून पायाच्या बोटांपर्यंत जाणारा चेतापेशीचा धागा, म्हणजे ॲक्सॉन, साधारण मीटरभर लांब असतो. त्याला लागणारी बहुतेक प्रथिनं मात्र वर, कण्याजवळच्या पेशीत बनतात. हा माल आपोआप झिरपत खाली जायचा म्हटला तर शेकडो वर्षं लागतील! १९४८ मध्ये पॉल वाइस आणि हेलन हिस्को यांनी प्राण्यांच्या नसेला चाप बसवून बघितला. चापाच्या अलीकडे नस फुगली. नाक्यावर संत्र्यांचे ट्रक अडावेत तसा माल तुंबला होता. म्हणजे आत वाहतूक होती. पण ट्रक कुठला?

आता गंमत बघा. एल निनो म्हटलं की वऱ्हाडातला शेतकरी आभाळाकडे बघतो. १९८३ मध्ये त्याच एल निनोमुळे कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर स्क्विड मिळेनात. या प्राण्याचा ॲक्सॉन चांगला जाडजूड, त्यामुळे प्रयोगाला सोयीचा. मग स्टॅनफर्डचा विद्यार्थी रॉन व्हेल आणि त्याच्याबरोबर मायकल शीट्झ थेट दुसऱ्या किनाऱ्यावर, वूड्स होलला गेले. त्यांना वाटत होतं, स्नायूंमधलं मायोसिनच हा माल ओढत असणार. निघालं भलतंच. थॉमस रीस यांच्यासोबत त्यांनी १९८५ मध्ये एक नवंच प्रथिन जाहीर केलं: कायनेसिन. दोन पायांचा हा हमाल सूक्ष्मनलिकांच्या रुळावर आठ-आठ नॅनोमीटरची पावलं टाकत माल टोकाकडे नेतो. प्रत्येक पावलाला इंधन एटीपीचा एक रेणू.

आणि परतीची गाडी? ती डायनिन. हे नाव १९६५ पासूनच होतं, पण चेतापेशीत परतीचा माल तेच ओढतं हे १९८७ मध्ये पुढे आलं. याच्यावर आपल्या मुंबईतही काम झालंय. कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये रूप मल्लिक यांच्या गटाने २०१३ मध्ये दाखवलं की एकटं डायनिन दुबळं असलं, तरी टोळी जमली की ओझं वाटून घेऊन जड मालही ओढतं. मल्लिकांना २०१८ चं इन्फोसिस पारितोषिक मिळालं.

तर माझ्या प्रश्नाचं उत्तर हे: रेबीजचा विषाणू नसेच्या टोकातून आत शिरतो आणि याच परतीच्या गाडीत फुकट बसतो. आधी कणा, मग मेंदू. तिथे पोचून लक्षणं दिसली की जवळजवळ कुणीच वाचत नाही. लस काम करते ती या प्रवासाच्या आधी, प्रतिपिंडं वेळेत तयार करून.

पाश्चरने ६ जुलै १८८५ ला नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला लस टोचली, तेव्हा यातलं काहीच ठाऊक नव्हतं. कायनेसिन सापडलं त्यानंतर शंभर वर्षांनी. आजोबांनाही डायनिन ठाऊक नव्हतं. गाडी सुटायच्या आत गाठायची, एवढं मात्र पक्कं ठाऊक होतं.

आता पोटातली इंजेक्शनं गेली, दंडावर घेतात. तेव्हा सोसायटीतलं कुत्रं चावलं, तर जखम पंधरा मिनिटं साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा आणि तडक दवाखाना गाठा. डेडलाइन आहे, मीटिंग आहे, ही कारणं नकोत. त्याच दिवशी. उद्या नाई!