उमेदवारीची वर्षे

'उमेदवार' हा शब्द मराठीत फारसीतून आला. उमेद म्हणजे आशा. आशा धरून राहतो तो उमेदवार. इंग्रजी अमदानीत मामलेदाराच्या किंवा कलेक्टराच्या कचेरीत बिनपगारी राबणारा, नकला उतरणारा, दप्तरे बांधणारा, आणि एखाद्या कारकुनाची जागा रिकामी झाली म्हणजे ती आपणांस मिळेल या आशेवर दिवस काढणारा जो तरुण असे, त्यास उमेदवार म्हणत. आज पुण्याच्या सदाशिव पेठेत व नवी पेठेत स्पर्धा-परीक्षांचा अभ्यास करीत बसलेल्या हजारो तरुण-तरुणींस आपण हाच शब्द लावतो. शब्द राहिला, त्यामागील जिणे मात्र पुष्कळ पालटले. ते कसे पालटले याचा विचार आजच्या तरुणांविषयी मत देण्यापूर्वी व्हावयास हवा, असे आम्हांस वाटते. कारण हल्लीची पिढी ध्येयशून्य आहे, मोबाईलमध्ये बुडालेली आहे, आणि याच वयात टिळक-आगरकरांनी काय काय केले ते पाहा, असा उपदेश घरोघरी ऐकू येतो. इतिहासाचा दाखला द्यावयाचा तर तो पुरता द्यावा, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की, आपण ज्यास तारुण्याचा काळ म्हणतो, म्हणजे शिक्षण चालू आहे, लग्न व्हावयाचे आहे आणि संसाराचा भार अंगावर पडलेला नाही, असा काळ पावणेदोनशे वर्षांपूर्वी आपल्या समाजात जवळजवळ नव्हताच. बाळपण संपले की गृहस्थाश्रम सुरू होई. सावित्रीबाई फुले यांचे लग्न १८४० साली झाले, तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या. न्यायमूर्ती रानडे यांचे पहिले लग्न झाले, तेव्हा त्यांचे वय बारांच्या आसपास होते. हे दोन वयांमधले अंतर पुढे वाढत गेले ते आपोआप नव्हे; त्यासाठी मोठे वाद झाले. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने दहांची मर्यादा बारांवर नेली, त्या वेळी आगरकर कायद्याच्या बाजूस व टिळक विरुद्ध बाजूस उभे राहिले आणि सारे पुणे दुभंगले. १९२९ च्या शारदा कायद्याने विवाहाचे किमान वय मुलीस चौदा व मुलास अठरा ठरविले. १९७८ साली ते अनुक्रमे अठरा व एकवीस झाले. मध्यंतरी १८५७ साली मुंबई विद्यापीठ निघाले, १८६२ साली रानडे, भांडारकर, मोडक आणि वागळे हे त्याचे पहिले पदवीधर बाहेर पडले, आणि विसाव्या वर्षापर्यंत पुस्तके घेऊन बसणे ही गोष्ट हळूहळू प्रतिष्ठितांच्या अंगवळणी पडली. येणेप्रमाणे तारुण्य ही वस्तू आपल्याकडे निसर्गाने अर्धी दिली आणि अर्धी सुधारकांनी व कायद्याने मिळवून दिली.

ज्यांच्या वाट्यास ही वस्तू आरंभी आली, त्यांनी तिचे चीज केले यात शंका नाही. १८३२ साली 'दर्पण' काढणारे बाळशास्त्री जांभेकर विशीतले होते. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा उघडणारे जोतीराव एकवीस वर्षांचे, आणि तीत शिकविणाऱ्या सावित्रीबाई सतरा वर्षांच्या. त्याच वर्षी मुंबईत एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी आपली ज्ञानप्रसाराची सभा स्थापिली व पुढल्या वर्षापासून मुलींच्या शाळा चालविल्या. २ जानेवारी १८८० रोजी न्यू इंग्लिश स्कूल उघडले, त्या दिवशी विष्णुशास्त्री चिपळूणकर एकोणतीस वर्षांचे व टिळक तेवीस वर्षांचे होते. एम्. ए. ची परीक्षा आटोपून आगरकर त्यांस येऊन मिळाले. पाच वर्षांच्या आत 'केसरी', 'मराठा', डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि फर्ग्युसन कॉलेज ही सारी उभी राहिली. हा वृत्तान्त वाचून आजही ऊर भरून येतो.

परंतु याच वृत्तान्तात एक गोष्ट अशी आहे, की जिच्याकडे उपदेशकांचे लक्ष जात नाही. चिपळूणकरांनी सरकारी शिक्षकाची नोकरी सोडली. ती सोडण्यासाठी त्यांच्या हाती होती. आगरकरांनी आपल्या आईस कळविले की, मुलगा मोठ्या पगारावर लागेल ही आशा तिने धरू नये, पोटापुरते मिळवून तो बाकीचा वेळ लोकहितास देणार आहे. हे कळविण्यात जे मोठेपण आहे ते यात, की मोठ्या पगाराची जागा त्या काळी एम्. ए. झालेल्या मनुष्यास खरोखरच मिळण्यासारखी होती. टेंभूसारख्या खेड्यात जन्मलेल्या व दारिद्र्यात शिकलेल्या त्या तरुणास दार उघडे होते, म्हणून तो त्याकडे पाठ फिरवू शकला. त्याग करावयास आधी वस्तू पदरात असावी लागते.

आता आजची स्थिती पाहा. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०२२ च्या नागरी सेवा परीक्षेस सुमारे ११ लाख ३५ हजार अर्ज आले आणि शेवटी ९३३ जणांची निवड झाली. दर हजार अर्जांमागे पुरती एक जागाही नाही. ज्या दारापाशी एवढी दाटी आहे, तेथे उभ्या असलेल्या तरुणास 'तू आगरकरांसारखा त्याग का करीत नाहीस' असे विचारणे म्हणजे उपाशी मनुष्यास एकादशीचे माहात्म्य सांगणे होय. आणि हेही विसरून चालणार नाही की, १८८० च्या पदवीधरांत बहुतेक सारे दोन-चार जातींतले पुरुष होते. आज बीड, लातूर, यवतमाळ, गडचिरोली येथून शेतकऱ्यांची, ऊसतोड मजुरांची, शिंप्या-न्हाव्यांची मुले व मुली त्याच पेठांत 'कॉट बेसिस'वर राहतात, मेसचा डबा खातात, आणि सकाळपासून रात्रीपर्यंत अभ्यासिकेत आपल्या क्रमांकाच्या खुर्चीवर बसतात. त्यांच्या मागे घरची विकलेली जनावरे, गहाण टाकलेले दागिने असतात. अशांस आळशी म्हणणाऱ्याने एक दिवस त्या अभ्यासिकेत बसून पाहावे.

तेव्हा प्रश्न आळसाचा नसून प्रतीक्षेचा आहे. राज्यसेवा परीक्षेस खुल्या वर्गाच्या उमेदवारास वयाच्या अडतिसाव्या वर्षापर्यंत बसता येते. आगरकर वारले तेव्हा ते अडतीस वर्षांचे होते. चिपळूणकर तर एकतिसाव्या वर्षीच गेले. वयोमर्यादा वाढविण्यात शासनाचा हेतू दयेचा होता, आणि ज्यांस शिक्षण उशिरा मिळाले त्यांस तिचा उपयोगही झाला. तथापि जेवढ्या अवधीत एका मनुष्याचे सारे आयुष्य, त्याचे लेखन, त्याची संस्था, त्याचे वादविवाद सामावले, तेवढा अवधी आज दुसऱ्या एखाद्या मनुष्याच्या केवळ पूर्वतयारीत सरू शकतो, हे भयंकर आहे. त्यातही तारीख निश्चित नसते. मार्च २०२१ मध्ये राज्यसेवेची पूर्वपरीक्षा अवघ्या तीन दिवसांवर आली असता ती पुढे ढकलल्याचे जाहीर झाले, तेव्हा पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरले. ज्याने एका तारखेभोवती घरच्यांचा पैसा व स्वतःचे वय बांधलेले आहे, त्याचा तो संताप आम्हांस तरी अनाठायी वाटला नाही.

जुन्या कचेरीतील उमेदवार बिनपगारी होता, त्याची पिळवणूकही होई. परंतु वर्षा-दोन वर्षांत तो मोडी वाचू लागे, हिशेब जुळवू लागे, जमीनमहसुलाचे कागद त्यास उलगडू लागत. जागा न मिळाली तरी विद्या हातची जात नसे. आजचा उमेदवार सहा वर्षांनी परत फिरला तर त्याने पाठ केलेल्या ज्ञानास गावात गिऱ्हाईक नसते. फुकट गेलेल्या वर्षांपेक्षाही 'याचे काही झाले नाही' ही चार माणसांतील कुजबुज त्यास अधिक जाळते, आणि तिच्याच भयाने तो आणखी एक वर्ष पेठेत काढतो.

छंदांच्या बाबतीतही इतिहास असाच सावध करणारा आहे. ज्या १८८० सालाचा गौरव आपण करतो, त्याच सालच्या ऑक्टोबरअखेर कचेरीत नोकरी करणाऱ्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले, आणि तरुण मंडळी त्या पदांच्या नादी लागली. नाटक हा त्या वेळी बऱ्या घरांत नाक मुरडण्याचा विषय होता. आज तो आपल्या संस्कृतीच्या अभिमानाचा आहे. त्यानंतर थोड्याच वर्षांनी अस्पृश्य मानलेल्या जातीतील पाळवणकर बाळू हा पोरगा पुण्याच्या युरोपियनांच्या क्लबात मैदानाची झाडलोट करता करता साहेबांस चेंडू टाकू लागला, आणि १९११ साली हिंदी संघातून इंग्लंडला जाऊन त्याने शंभरांवर बळी घेतले. ज्यांनी त्यास चहा वेगळ्या भांड्यात दिला त्यांसही त्याची गोलंदाजी हवी होती. म्हणून आजच्या मुलांची गाणी, त्यांचे चित्रफितींचे खेळ, त्यांचे गडकिल्ल्यांवरील भटकणे यांवर आम्ही सरसकट शिक्का मारू इच्छीत नाही. एवढाच भेद आम्हांस दिसतो की, नाटक व क्रिकेट मनुष्यास मंडळीत नेत, आणि मोबाईल त्यास मंडळीत असताही एकटा ठेवतो. वाट पाहणाऱ्या मनुष्यास एकांत फार जड जातो, आणि नेमका तोच त्याच्या हातात चोवीस तास असतो.

आणि ज्यांस ही वाट पाहण्याचीही सवड मिळत नाही, त्यांचे काय? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्क्यांची लग्ने अठरा पुरी होण्यापूर्वी झाली होती. शारदा कायद्यास नव्वद वर्षे लोटल्यावरही पाचांतील एका मुलीच्या वाट्यास तारुण्य आलेच नाही. एकीकडे मुलगा पस्तिशीपर्यंत उमेदवार आणि दुसरीकडे त्याचीच बहीण सतराव्या वर्षी आई, अशी घरे आपल्या राज्यात आहेत.

वडीलधाऱ्यांनी उपदेश थोडा कमी करून तीन गोष्टी कराव्या, असे आम्ही सुचवितो. जाहिरात, परीक्षा, निकाल आणि नियुक्ती यांच्या तारखा शासनाने पाळाव्या, यासाठी केवळ मुलांनी नव्हे, आईबापांनीही आवाज उठवावा. १९६१ च्या कायद्याने कारखान्यांत शिकाऊ उमेदवार घेण्याची व त्यांस विद्यावेतन देण्याची सोय झाली. तशीच सोय शाळा, ग्रंथालये, ग्रामपंचायती व दप्तरखाने यांतून परीक्षार्थींसाठी व्हावी, म्हणजे परीक्षा हुकली तरी एक काम हाती राहील. तिसरी गोष्ट घरातली आहे. परत आलेल्या मुलास 'आता पुढे काय' हे पहिल्याच दिवशी विचारू नये. त्यास जेवू घालावे, आणि दुसरे काही करण्याची परवानगी त्याने मागण्यापूर्वीच देऊन टाकावी.