नंबर गाडीचा की माणसाचा?

गेल्या दसऱ्याला माझ्या भाच्याने मालवाहू टेम्पो घ्यायचे ठरवले. कर्ज पतसंस्थेचे, त्यामुळे पै-पैचा हिशेब चाललेला. तरी त्याने विचारले, "मामा, आबांच्या स्कूटरचा नंबर टेम्पोला घेऊ का? जास्तीचे पैसे भरावे लागतील." आबा म्हणजे त्याचे दिवंगत वडील, नंबर ५३१७. जुनी आरसी बुके जमवण्याचा मला नाद, म्हणून प्रश्न माझ्याकडे आला. त्याचे उत्तर इतिहासात आहे.

मोटारीला नंबराची पाटी लावण्याची सक्ती प्रथम पॅरिसच्या पोलिसांनी १८९३ साली केली. ब्रिटनचा १९०३ चा मोटार कायदा १ जानेवारी १९०४ पासून लागू झाला. त्याने वेगमर्यादा ताशी २० मैल ठरवली आणि प्रत्येक मोटारीला नंबर बंधनकारक केला. धूळ उडवत निसटणारा मोटारवाला सापडावा, हा हेतू. म्हणजे नंबर जन्माला आला तो पोलिसांच्या सोयीसाठी. पण हौसेने त्याला लगेच गाठले. लंडनचा 'ए १' हा नंबर अर्ल रसेल यांनी मिळवला. तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांचे हे थोरले बंधू. त्यासाठी ते रात्रभर रांगेत होते, अशी आख्यायिका आहे.

पुढे या हौसेचा बाजार झाला. एसेक्स परगण्याला 'एफ' हे अक्षर मिळाले होते. तिथला 'एफ १' १९०४ पासून परगणा कौन्सिलकडेच होता. २००८ साली तो करांसह सुमारे ४ लाख ४० हजार पौंडांना विकला गेला. १९८९ पासून तर ब्रिटिश सरकारचे वाहन नोंदणी खातेच असे नंबर विकू लागले. २०१४ मध्ये '२५ ओ' हा नंबर सुमारे ५ लाख १८ हजार पौंडांवर गेला.

एवढी किंमत का येते? कारणे दोन. 'एफ १' जगात एकच आहे. आणि तिथे नंबर एका गाडीवरून उतरवून दुसऱ्या गाडीला लावता येतो, दुसऱ्या माणसाला विकताही येतो. गाडी भंगारात गेली तरी नंबर मालकाच्या हाती राहतो.

आता आपल्याकडे पाहू. १९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ रोजी लागू झाला आणि एमएच-१२ म्हणजे पुणे, एमएच-०९ म्हणजे कोल्हापूर ही ओळख रुजली. नंबर ९९९९ पर्यंत गेले की नवी अक्षरे घेऊन पुढची मालिका उघडते आणि ०००१ पुन्हा हजर होतो. म्हणजे आपला 'एक नंबर' एकमेव नसतोच. दर मालिकेत त्याला नवा भाऊ जन्मतो.

तरी मागणी आटत नाही. ऑगस्ट २०२४ च्या अधिसूचनेने चारचाकीच्या ०००१ चे शुल्क ३ लाखांवरून ५ लाख झाले. मुंबई-पुण्यासारख्या ठिकाणी ४ लाखांवरून ६ लाख. चालू मालिकेबाहेरचा हवा असेल तर तिथे १८ लाखांपर्यंत. एकाच नंबरावर दोन अर्ज आले, तर बंद पाकिटातल्या जादा रकमेच्या डिमांड ड्राफ्टवर निकाल लागतो. हा सारा पैसा सरकारजमा. पती-पत्नी, मुलगा, मुलगी यांच्या नावे नंबर करण्याची मुभा त्याच वेळी मिळाली, पण ब्रिटनसारखा खुला बाजार इथे नाही.

नंबरातून नाव वाचण्याची आपली हौस वेगळीच. ८०५५ चे इंग्रजी आकडे वळवून 'बॉस', २१४ चे 'राम', ४१४१ चे 'दादा', ४९१२ चे 'पवार'. १९८९ च्या केंद्रीय नियमांत पाटीचा आकार आणि अक्षरे ठरलेली आहेत, तरी रंगाऱ्याची कला चालत राहिली. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना ठशाच्या आकड्यांची एचएसआरपी पाटी सक्तीची झाली आणि वळण देण्याची सोय गेली. आता पैसे मोजून ४१४१ घेतला, तरी पाटीवर नियमाने ४१४१ च दिसणार.

माझ्या संग्रहातली आरसी बुकेही हेच सांगतात. मालकांची नावे एकाखाली एक बदलत जातात, नंबर तोच. आबांची स्कूटर त्यांच्यामागे विकली गेली. परवापरवापर्यंत ती गावात दिसायची. नंबर ५३१७, चालवणारा तिसराच. आपल्याकडे नंबर गाडीचा असतो, माणसाचा नव्हे.

तेव्हा भाच्याला मी स्पष्ट सांगितले: गुंतवणूक म्हणून हा खर्च बुडीत समज. टेम्पो विकशील तेव्हा आकड्यांपायी गिऱ्हाईक रुपया वाढवून देईल, या भरवशावर राहू नकोस. भाग्य उजळण्यासाठी घेणार असशील, तर तेच पैसे विम्याच्या हप्त्याला ठेव. पण ज्या नियमामुळे इथला नंबर एकमेव राहत नाही, त्याच नियमामुळे ५३१७ नव्या मालिकेत पुन्हा येतो. वडिलांची आठवण म्हणून घेतोस, तर हिशेबाच्या वहीत तो खर्च हौसेच्या खात्यावर लिही आणि घे.

त्याने दोन दिवस विचार केला, आईशी बोलला आणि घेतला. पाटी बसवून आणली त्या संध्याकाळी बहिणीने टेम्पोला हळदकुंकू वाहिले आणि पाटीवरून पदर फिरवला. त्याची किंमत कोणत्या शुल्कपत्रकात बघायची?