सिनेटचा कोप आणि एक नटी

१४ मार्च १९५० रोजी अमेरिकेच्या सिनेटमध्ये कोलोराडोचे सदस्य एडविन जॉन्सन यांनी एका नटीवर घणाघाती भाषण केले. ती नटी म्हणजे इन्ग्रिड बर्गमन. पती व कन्या अमेरिकेत असता ती इटालियन दिग्दर्शक रॉबेर्तो रोस्सेलिनी याच्याजवळ राहिली आणि त्याच वर्षी २ फेब्रुवारीस तिला त्याच्यापासून पुत्र झाला, हा तिचा अपराध. जॉन्सन नुसते बोलून थांबले नाहीत. नट-नट्या, निर्माते व चित्रपट या सर्वांस व्यापार खात्याने परवाने द्यावेत आणि नीतिभ्रष्टांस ते नाकारावेत, असे विधेयकच त्यांनी मांडले. परवान्यांच्या कागदांत ज्यांची हयात गेली, त्या आमच्या वाचकांस ही शीलाची नस्ती कोणकोणत्या टेबलांवरून फिरली असती, हे सांगावयास नको. सुदैवाने विधेयक बारगळले.

हॉलिवूडला घटस्फोट काही नवे नव्हते. मग हिच्यावरच एवढा कोप का? आमच्या मते याचे मूळ तिच्या कीर्तीच्या घडणीतच आहे. १९१५ साली स्टॉकहोमला जन्मलेली, लहानपणीच आईबापांस मुकलेली ही मुलगी तेथील राजनाट्यगृहाच्या शाळेत शिकली आणि 'इंटरमेझो' या स्वीडिश चित्रपटाने नावारूपास आली. १९३९ मध्ये निर्माता सेल्झनिकने तिला अमेरिकेत आणले, तेव्हा तिचे नाव, भुवया, दात सारेच बदलावयाचा बेत होता. तिने साफ नकार दिला. व्यवहारचतुर सेल्झनिकने त्या नकाराचेच भांडवल केले : रंगरंगोटी नसलेली, निष्पाप, सोज्ज्वळ स्त्री! 'कॅसाब्लांका' (१९४२) व 'गॅसलाइट' (१९४४) यांनी ती शिखरास पोचली. दुसऱ्या चित्रपटाने तिला ऑस्करही मिळवून दिले. पुढे १९४५ मध्ये ती जोगीण झाली, १९४८ मध्ये जोन ऑफ आर्क. प्रेक्षकांनी तिला संतिणीच्या आसनावर बसविले, आणि आसनावरून ती आपल्या पायांनी उतरली हे त्यांस सहन झाले नाही.

रोस्सेलिनीचे 'रोम, ओपन सिटी' व 'पैसान' पाहून तिने आपण होऊन त्याला पत्र लिहिले होते. स्ट्रॉम्बोलीच्या ज्वालामुखी बेटावर १९४९ मध्ये चित्रण झाले. त्या चित्रपटासह दोघांनी मिळून केलेले सारेच चित्रपट गल्ल्यावर पडले. 'जर्नी टु इटली' (१९५४) याची थोरवी प्रथम ओळखली ती फ्रान्सच्या तरुण समीक्षकांनी.

लोकांचा राग मात्र चंचल असतो. 'अनास्तासिया'साठी १९५७ मध्ये तिला दुसरे ऑस्कर मिळाले. ते तिच्या वतीने कॅरी ग्रँटने स्वीकारले. त्याच सुमारास चित्रणासाठी भारतात आलेला रोस्सेलिनी येथील वृत्तपत्रांत नव्या प्रेमप्रकरणामुळे गाजत होता, आणि त्याच वर्षी हा विवाहही संपला. १९७२ मध्ये सिनेटर चार्ल्स पर्सी यांनी जुन्या भाषणाबद्दलची दिलगिरी सिनेटच्या कामकाजात नोंदविली. बावीस वर्षांनी का होईना, नस्ती बंद झाली!

सिनेटला या प्रकरणी बोलण्याचा काय अधिकार होता, हे आम्हांस आजही उमगलेले नाही. गाऱ्हाणे मांडण्याचा खरा अधिकार होता तो एका मुलीला. १९५२ मध्ये, तेरा वर्षांची असताना, थोरली कन्या पिया हिला कॅलिफोर्नियाच्या न्यायालयात साक्षीस उभे राहावे लागले, आणि सुटीसाठी आईकडे इटलीला जाण्याची आपली इच्छा नाही असे तिने सांगितले. मायलेकींची पुन्हा भेट व्हावयास १९५७ उजाडले. मुलांस शिक्षणासाठी मागे ठेवून दूरच्या ठाण्यावर राहणाऱ्यांस या वर्षांचे मोल वेगळे समजावून द्यावे लागणार नाही.

१९७८ मध्ये 'ऑटम सोनाटा'त इंगमार बर्गमनने तिला पियानोवादक आईची भूमिका दिली. कलेपायी घरापासून दूर राहिलेल्या या आईपुढे थोरली मुलगी रात्रभर आपले आरोप एकेक करून मांडते. कोणती आई इतकी कठोर असते, म्हणून तिने दिग्दर्शकाशी वाद घातला. पण भूमिका सोडली नाही. कर्करोगाने तिला तेव्हा ग्रासलेलेच होते. कॅमेरा त्या वयस्क चेहऱ्याजवळ येऊन थांबतो, मुलगी बोलत राहते, आणि आई ऐकत राहते.