मागे फिरण्याची सोय

चक्रव्यूहात शिरावे कसे हे अभिमन्यूला ठाऊक होते, बाहेर पडावे कसे हे ठाऊक नव्हते. संगणकाच्या पडद्यावर अर्ज भरायला बसलेल्या माणसाकडे पाहिले की मला त्याची आठवण होते. दोन पाने भरून होतात, तिसऱ्यावर ध्यानात येते की पहिल्या पानावर जन्मतारीखच चुकली आहे. आता मागे जावे, तर भरलेले सारे पुसले जाणार नाही ना? या धास्तीने चूक तशीच ठेवून पुढे जाणारी चांगली शहाणी माणसे मी पाहिली आहेत. मग त्या एका तारखेपायी पेन्शन किंवा प्रवेश अडतो, आणि दोष मात्र त्यांच्याच पदरी येतो. म्हणून या धास्तीचा इतिहास थोडा उलगडून पाहावा असे मला वाटले.

जिनीव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली पहिला वेब ब्राउझर लिहिला. त्यात पाने वाचता येत आणि लिहिताही येत. एका लेखातून दुसऱ्यात जावे, आणि वाटल्यास आल्या वाटेने परतावे. १९९३ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात मोझेक हा ब्राउझर तयार झाला आणि मागे-पुढे नेणारी बटणे घरोघरी पोहोचू लागली. ती लोकांना किती आवडली म्हणता? १९९५ साली जॉर्जिया टेक येथील कॅटलेज आणि पिटको यांनी वाचकांच्या हालचाली नोंदवल्या, तेव्हा शंभरातल्या सुमारे ४१ हालचाली एकट्या मागच्या बटणाच्या निघाल्या!

पण याच सुमारास त्या वाचनालयात एक कचेरीही थाटली गेली होती. पानांवर अर्ज आले. वाचणे आणि अर्ज करणे यांत मोठा फरक आहे. वाचणे म्हणजे पुस्तकाचे पान उलटणे. ते शंभरदा उलटसुलट करा, कोणाचे काही बिघडत नाही. अर्ज धाडणे म्हणजे टपालपेटीत पत्र टाकणे. ते दोनदा टाकले तर दोनदा पोहोचते; पैशांचा मामला असेल तर दोनदा पैसे जातात. बटण मात्र दोन्हीकडे एकच राहिले. ‘मागे’ म्हणजे मागचे पान पाहणे, की केलेले काम रद्द करणे? संगणक पहिला अर्थ घेतो, भिणारा माणूस दुसरा. सारा घोटाळा इथला आहे.

त्यात आणखी एक भर. १९९५ च्या एचटीएमएल २.० या नियमावलीत अर्ज धाडण्याच्या बटणाबरोबर सारे पूर्ववत करणारे ‘रीसेट’ बटणही होते. घाईत बोट चुकले की तासाभराची मेहनत पाण्यात. अशी बटणे बहुतेक ठिकाणी काढूनच टाकावीत, असे जेकब नील्सन यांना २००० साली सांगावे लागले.

उपाय नव्हते असे नाही. मुळात वेबचा सर्व्हर विसराळू. प्रत्येक मागणी त्याला नवी. १९९४ साली नेटस्केपच्या लू माँटुली यांनी ‘कुकी’ची युक्ती काढली आणि ‘हा मघाचाच माणूस’ ही ओळख त्याला राहू लागली. त्या ओळखीच्या आधारे अर्धवट अर्जही सांभाळून ठेवता येतो. दुसरी युक्ती पोचपावतीची. अर्ज मिळताच सर्व्हरने ब्राउझरला निराळ्या, नुसत्या वाचायच्या पानावर पाठवायचे. मग ते पान पुन्हा उघडले तरी अर्ज दुसऱ्यांदा जात नाही.

पण माणसाच्या मनातली भीती ओळखली ती ब्रिटिश सरकारच्या डिजिटल सेवेने. २०१२ साली सुरू झालेल्या गव्ह.यूके या संकेतस्थळासाठी काम करताना त्यांच्या लक्षात आले की, लिहिलेले जाईल या भयाने पुष्कळ लोक ब्राउझरचे बटण वापरतच नाहीत. म्हणून अर्जाच्या पानावर, अगदी वरच्या बाजूला, ‘मागे’ असा स्वतःचा दुवा ठेवावा असे त्यांनी ठरवले. शेवटी सारी उत्तरे एकत्र दाखवावीत आणि प्रत्येकासमोर ‘बदला’ असा शब्द असावा. जन्मतारीख चुकली? तेवढीच दुरुस्त करा. बाकीचे जागच्या जागी.

यात फार मोठी विद्या आहे असे नाही. कागदी अर्जावर पहिले पान उलटून पाहिले म्हणून तिसऱ्या पानावरची शाई कधी उडाली नव्हती! तेवढीच हमी पडद्यावर द्यायची आहे. मागे गेल्यावर लिहिलेले तसेच मिळावे, आणि खरोखरच काही पुसले जाणार असेल तर ते आधी स्पष्ट सांगावे. ‘मागचे बटण दाबू नका’ असे अर्जावर लिहिणे म्हणजे जिना मोडका असल्याची पाटी लावून पाहुण्यांना वर बोलावण्यासारखे आहे. पाटी रंगवण्यापेक्षा जिना दुरुस्त करणे बरे. कारण त्या जिन्यावरून आपल्या घरातली म्हातारी माणसे आणि शिकणारी मुले रोज चढत असतात.