असईची खबर व पाणबुडीचा पडदा : सेनापतीच्या निर्णयसाधनांविषयी एक विचार

युद्धप्रसंगी सेनापतीस स्वतःच्या डोळ्यांनी दिसते ते थोडे. बाकी सर्व त्यास इतरांनी आणलेल्या खबरीवरून जाणावे लागते. ही खबर त्याच्यापुढे कोणत्या रूपाने मांडावी, हा प्रश्न आज पाणबुडीवरील निर्णयसाहाय्यक पडद्यांच्या रचनेत महत्त्वाचा मानला जातो. तो प्रश्न मात्र जुना आहे. त्याचे एक बोधप्रद उदाहरण खानदेशच्या सीमेपलीकडे, अजिंठ्याच्या डोंगरांच्या दक्षिणेस, असईच्या रणभूमीवर सापडते.

सन १८०३ च्या सप्टेंबरात दौलतराव शिंदे व नागपूरकर रघूजी भोसले यांचा तळ भोकरदन येथे असल्याची खबर हरकाऱ्यांनी आर्थर वेलस्लीस दिली. तीवर भिस्त ठेवून त्याने व कर्नल स्टीव्हन्सनने ता. २१ रोजी बदनापूर येथे मसलत केली आणि दोन वाटांनी जाऊन ता. २४ रोजी मिळून हल्ला करण्याचे ठरविले. परंतु ता. २३ रोजी नळणीस पोहोचताच शत्रू अवघ्या काही मैलांवर असल्याचे वेलस्लीस कळले. मूळ खबर खोटी नव्हती. तळाची उजवी बाजू भोकरदनकडे होती. पण केळना नदीच्या काठाने तो पूर्वेस असईच्या आसमंतापर्यंत पसरलेला होता. एवढा विस्तार एका गावाच्या नावात मावला नाही, आणि वेलस्लीस स्टीव्हन्सनवाचून लढावे लागले.

नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर वसलेली पिंपळगाव व वरूड ही गावे पाहून, वाटाडे नाही म्हणत असताही, तेथे उतार असलाच पाहिजे असे वेलस्लीने ताडले. इतिहासकार या तर्काची वाखाणणी करतात, ती योग्यच होय. परंतु तो नदी उतरत असता मराठ्यांच्या पायदळाने तोंड फिरवून नवी फळी धरली, आणि बगलेवर घाव घालण्याचा बेत तेथेच जुना झाला. वेलस्लीच्या फौजेतील ठार, जखमी व बेपत्ता मिळून संख्या सुमारे १,६०० भरली. पुढे ऑक्टोबरात स्टीव्हन्सनने बऱ्हाणपूर व असीरगड घेतला.

खबरीस विस्तार असतो व वयही असते, हे असईवरून दिसते. पाणबुडीच्या कप्तानाची अडचण याच जातीची, किंबहुना अधिक बिकट आहे. केवळ ऐकणाऱ्या सोनारावरून दुसऱ्या जहाजाची दिशा कळते, अंतर थेट कळत नाही. स्वतःचा मार्ग बदलून, दिशेत पडणाऱ्या फरकावरून ते काढावे लागते. म्हणून पडद्यावर उमटणारा ठिपका हा वस्तुतः एक अनुमान असतो. तो ठिपका म्हणूनच दाखविला, तर कप्तान त्यास सत्य समजण्याचा संभव असतो. शक्यतेचे क्षेत्र म्हणून दाखविला, तर तो सावध राहतो.

ता. ९ फेब्रुवारी २००१ रोजी हवाई बेटांजवळ अमेरिकेची पाणबुडी ग्रीनविल एकाएकी वर येताना एहिमे मारू या जपानी प्रशिक्षण नौकेवर आदळली व नऊ माणसे प्राणांस मुकली. चौकशीत अधिकाऱ्यांमधील अपुरा संवाद हे प्रमुख कारण ठरले. तथापि साधनांचाही त्यात भाग होता. नियंत्रण-कक्षातील सोनारचा पडदा बंद होता. पाहुण्यांच्या गर्दीमुळे जहाजांच्या नोंदींचा तक्ता भरणे थांबले होते. आणि नौका जवळ येत असल्याचे दर्शविणारे अनुमान यंत्रात असूनही कप्तानापर्यंत पोहोचले नाही.

मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली, शिवकालीन जलदुर्गाचे नाव धारण करणारी खांदेरी २०१९ साली नौदलात दाखल झाली. अशा नौकांच्या पडद्यांचा विचार करताना माहितीची विपुलता हीच कसोटी मानणे पुरेसे नाही. प्रत्येक खबर कोणी आणली, केव्हाची आहे व किती क्षेत्रास लागू आहे, हे तिच्याबरोबरच दिसले पाहिजे. आणि जेथे खबर नाही तेथे ती नाही, हेही ठळकपणे दिसले पाहिजे. भोकरदनची खबर देणाऱ्या हरकाऱ्यास तळाची दोन टोके विचारली असती, तर ता. २४ चा बेत कदाचित निराळा आखला गेला असता.