तार, टॉवर आणि पोटातलं बाळ : भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांतून एका भीतीचा इतिहास

मंडळी, मागच्या वेळी आपण भाटघर आणि पानशेतच्या धरणांबद्दल बोललो. त्यानंतर आमच्याकडे एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी आला. गरोदरपणात बाई विजेच्या तारांजवळ किंवा मोबाइलच्या टॉवरजवळ राहिली, तर होणाऱ्या मुलाला पुढे मूलबाळ होण्यात अडचण येते का? गावाकडच्या भाषेत, वंश अडतो का? प्रश्न विज्ञानाचा आहे, पण तो इथपर्यंत कसा पोचला, हा इतिहास आहे. आज आपण तोच धरू.

आधी मुलूख डोळ्यांसमोर आणा. भोर आणि वेल्हे (सरकार दरबारी आता राजगड तालुका) म्हणजे राजगड-तोरण्याच्या कुशीतली खोरी. इथलं पाणी आणि पाण्यापासूनची वीज मुख्यतः बाहेरच्यांसाठी. शेजारच्या मुळशीत १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, तो टाटांच्या विजेसाठी बांधल्या जाणाऱ्या धरणाविरुद्ध. ती वीज मुंबईला जायची होती. भाटघरचं लॉइड धरण १९२८ चं, कालव्याचं पाणी खाली नीरेच्या खोऱ्यात. पुढे पानशेत, वरसगाव आणि भाटघरलाही धरणाच्या पायथ्याशी वीजघरं झाली. म्हणजे डोक्यावरून तारा जाताहेत आणि खाली घरात कंदील आहे, हे चित्र या डोंगरपट्ट्यांत पिढ्यान्‌पिढ्या पाहिलं गेलं. तेव्हा तारेची भीती होती ती शॉक लागण्याची. पोटातल्या बाळाचा आणि तारेचा संबंध कुणी जोडलेला आमच्या वाचनात नाही.

पण न दिसणाऱ्या किरणांनी गर्भ बिघडतो, ही कल्पना मात्र आपल्याकडे तारेच्या फार आधीची. ग्रहण! वेध लागले की गरोदर बाईनं घराबाहेर पडायचं नाही, विळीला हात लावायचा नाही, काही कापायचं-चिरायचं नाही. नाहीतर बाळाचा ओठ फाटेल, कान तुटेल. १६ फेब्रुवारी १९८० च्या सूर्यग्रहणाला भरदुपारी शहरांतले रस्तेसुद्धा ओस पडले होते, हे अनेकांना आठवत असेल. ग्रहण पाळायचं कुणी? बाईनं. आणि मुलात काही व्यंग निघालं तर विचारायचं कुणाला? तिलाच. हा साचा लक्षात ठेवा.

आता जरा जगाकडे. १९५६ मध्ये इंग्लंडात डॉ. अ‍ॅलिस स्टुअर्ट यांनी दाखवून दिलं, की गरोदरपणी आईच्या पोटाचा एक्स-रे काढला असेल तर त्या मुलांत कर्करोगाचं प्रमाण जास्त दिसतं. डॉक्टरमंडळींनी कित्येक वर्षं ते मानलं नाही; शेवटी मानावं लागलं. हे खरं संकट होतं. पण एक्स-रे अणूतले इलेक्ट्रॉन उडवतो. विजेच्या तारेभोवतीचं क्षेत्र आणि मोबाइलच्या लहरी यांच्यात तेवढी ताकद नसते. लोकांच्या बोलण्यात मात्र दोन्हीला एकच शब्द झाला, ‘रेडिएशन’, आणि एकाची बदनामी दुसऱ्याला चिकटली.

पुढचा टप्पा अमेरिकेतला. १९७९ मध्ये डेन्व्हर शहरातल्या एका अभ्यासानं तारांजवळची घरं आणि मुलांचा रक्ताचा कर्करोग यांचा संबंध सुचवला. १९८० च्या दशकात संगणकाच्या पडद्यासमोर बसणाऱ्या बायकांचे गर्भपात होतात अशी ओरड झाली. टेलिफोन ऑपरेटर बायकांच्या मोठ्या अभ्यासात १९९१ मध्ये तसं काही आढळलं नाही. आपल्याकडे ही चर्चा टॉवरबरोबर आली. आयआयटी मुंबईचे प्रा. गिरीश कुमार यांनी धोक्याचा इशारा दिला, मुंबईत इमारतींवरच्या टॉवरवरून भांडणं झाली, आणि १ सप्टेंबर २०१२ पासून भारतानं टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय शिफारशीच्या एक दशांशावर आणली.

मग मुलाच्या जननक्षमतेचं काय? प्रश्न खुळचट नाही, हे आधी सांगतो. गर्भ साधारण ८ ते १४ आठवड्यांचा असताना मुलग्याच्या वृषणात संप्रेरकं तयार होऊ लागतात आणि पुढच्या पुरुषपणाचा पाया तिथे बसतो. त्या काळात गडबड झाली तर ती वीस वर्षांनी दिसू शकते. तुर्कस्तानात ट्रॅबझोन इथल्या संशोधकांनी गाभण उंदरिणींना गर्भारपणाच्या १३ व्या ते २१ व्या दिवसापर्यंत रोज एक तास ९०० मेगाहर्ट्‌झच्या लहरींत ठेवलं. २०१३ साली छापलेल्या त्या अभ्यासात नर पिल्लांच्या वृषणात बदल दिसले. पण उंदरीण केवढी, तिच्या पोटातलं पिल्लू कातडीपासून किती जवळ! या लहरी शरीरात काही सेंटिमीटर आत जाईपर्यंत बऱ्याच मावळतात. उंदरावरून थेट आपल्या सुनेवर उडी मारता येत नाही.

माणसांमधला पुरावा बघायला जावं, तर तो आहे प्रामुख्यानं पुरुषांच्या स्वतःच्या फोनबद्दल. २०२३ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या २,८८६ तरुणांचा अभ्यास आला. दिवसातून वीसपेक्षा जास्त वेळा फोन वापरणाऱ्यांत शुक्राणूंचं प्रमाण कमी दिसलं. फोन खिशात ठेवण्याशी मात्र संबंध दिसला नाही. यावरून कारण सिद्ध होत नाही, नुसता संबंध दिसतो. तरी बघा हं, माहिती पोरांच्या फोनची, आणि फोन लांब ठेव म्हणून दटावायचं गरोदर बाईला. ग्रहणाचा साचा तो हाच. ‘रेडिएशन अडवणारे’ पोटपट्टे विकणाऱ्यांना तो आमच्यापेक्षा चांगला कळलाय.

आईच्या पोटातलं मुलाच्या तरुणपणी कसं उमटतं, हे शोधायचं कसं, याचा धडा पुणे जिल्ह्यातच आहे. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा आहार, रक्त, वजन मोजलं आणि त्यांची मुलं मोठी होईपर्यंत पाठ सोडली नाही. निम्म्याहून जास्त आयांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी निघालं, आणि त्याचा धागा मुलांच्या मधुमेहाच्या धोक्यापर्यंत पोचला. लहरींबद्दल कुणाला खात्रीनं बोलायचं असेल, तर असंच मोजावं लागेल: आईच्या अंगाजवळ क्षेत्र किती होतं, आणि वीस वर्षांनी मुलगा कसा आहे.

तोवर या खोऱ्यांतली एक गोष्ट विचारात घ्या. टॉवर जितका लांब, तितका फोनला तो गाठायला जोर लावावा लागतो. रेंजची एकच काडी असताना कानाला लावलेला फोन अंगाला जास्त लहरी देतो. म्हणजे टॉवर हाकलून लावला, तर त्या बाईच्या वाट्याचा मारा उलट वाढू शकतो. आणि घाटमाथ्याजवळच्या वस्तीवर रात्री कळा सुरू झाल्या, तर २०१४ पासून महाराष्ट्रात १०८ ला फोन केला की गाडी येते. पण तो फोन लागायला हवा. त्यासाठी अजूनही कुणाला तरी बॅटरी घेऊन टेकाडावर चढावं लागतं.